आठ बाटल्यांचे पन्नास लाख

रिस्डिप्लाम हे औषध काचेच्या बाटलीत भुकटीच्या रूपाने येते. फार्मासिस्ट तीत मोजके शुद्ध पाणी मिसळून ८० मिलिलिटर द्रावण सिद्ध करतो, आणि तेथून पुढे ती बाटली २ ते ८ अंश तापमानात, म्हणजे घरच्या फ्रीजमध्ये, ठेवून ६४ दिवसांच्या आत संपवावी लागते. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या आनुवंशिक व्याधीने ग्रासलेल्या मुलाला हे द्रावण रोज एकदा, ठरल्या वेळी, सिरिंजने मोजून तोंडावाटे द्यायचे असते. या व्याधीत एका जनुकातील दोषामुळे मज्जारज्जूतील, स्नायूंना चालना देणाऱ्या चेतापेशी क्रमाक्रमाने नष्ट होत जातात. तीव्र प्रकारातील तान्हे मूल मान धरीत नाही, कुशीवर वळत नाही, आणि अखेर त्याच्या श्वसनाचे स्नायूही थकतात.

दोन वर्षांवरील आणि २० किलो वा त्याहून अधिक वजनाच्या रुग्णाची रोजची मात्रा ५ मिलिग्रॅम असते, एका बाटलीत ६० मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे एक बाटली बारा दिवस पुरते. रोश या स्विस कंपनीच्या या बाटलीची भारतातील किंमत सुमारे ६ लाख २० हजार रुपये होती. केंद्र सरकारच्या धोरणानुसार दुर्मिळ आजाराच्या एका रुग्णास मिळू शकणारे कमाल साहाय्य ५० लाख रुपये आहे. भागाकार करून पाहिला, तर त्या रकमेत आठ बाटल्या येत असत, आणि आठ बाटल्या म्हणजे शहाण्णव दिवस. ऑक्टोबर २०२५ मध्ये हैदराबादच्या नॅटको कंपनीने हेच औषध १५,९०० रुपयांना बाजारात आणले, आणि त्याच ५० लाखांत आता तीनशे चौदा बाटल्या येतात, ज्या दहा वर्षांहून थोड्या अधिकच पुरतील. साहाय्याच्या रकमेत एका पैशाची वाढ न होता तीन महिन्यांची दहा वर्षे झाली.

महागड्या औषधासाठी द्रव्यसाहाय्य कोठून मिळवावे, हे सांगावयास बसलेल्या माणसाने हा हिशेब सर्वांच्या आधी मांडला पाहिजे असे मला वाटते, कारण साहाय्याचे मोल औषधाच्या किमतीवर ठरते आणि ही किंमत पावसापाण्यासारखी निसर्गनिर्मित नसून पेटंट, आयातशुल्क, करआकारणी आणि न्यायालयांचे निकाल यांनी घडवलेली असते. म्हणून ज्या कुटुंबावर हा प्रसंग गुदरला आहे, त्याने अर्ज घेऊन दारोदार फिरताना आपण भिक्षा मागत आहोत असे यत्किंचितही मानू नये.

बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यासारख्या वस्तीत बहुतांश संसार मासिक वेतनावर आणि घराच्या हप्त्यावर चाललेले असतात. कोणी पहाटेची लोकल गाठून ठाण्याला वा दादरला जातो, कोणी अंबरनाथच्या नाही तर बदलापूरच्याच एमआयडीसीतील कारखान्यात पाळी करतो. अशा घरातील मूल वर्षाचे झाले तरी बसत नाही, तेव्हा प्रथम वडीलधारी माणसे ‘एखादे उशिरा बसते’ असे म्हणून धीर देतात, मग जवळचे डॉक्टर टॉनिक देतात, मग कोणी कल्याणच्या बालरोगतज्ज्ञाकडे धाडतो, आणि अशा रीतीने ज्या काळात औषधाचा सर्वाधिक उपयोग व्हावयाचा तोच काळ निदानाच्या शोधात निघून जातो. गोशे, पॉम्पे, फॅब्री किंवा म्युकोपॉलिसॅकॅरिडोसिस या, शरीरात एखाद्या विकराच्या (एन्झाइमच्या) अभावाने उद्भवणाऱ्या विकारांचीही कथा याहून निराळी नाही. त्यांपैकी काहींत पोट फुगते, यकृत व प्लीहा वाढतात, हाडे दुखतात, आणि लक्षणे नित्याच्या आजारांसारखी भासल्याने खरे नाव कळावयास वर्षे लागतात. निश्चित निदान हाती येण्यापूर्वी निधी शोधण्यात शक्ती खर्चणे व्यर्थ होय. कारण प्रत्येक दाराशी पहिला प्रश्न एकच विचारला जातो, की जनुकीय तपासणीचा किंवा विकर तपासणीचा अहवाल कोठे आहे.

त्यानंतरचे पहिले दार, आणि माझ्या मते इतर कोणत्याही दारापूर्वी ठोठावावे असे दार, परळचे केईएम रुग्णालय हे आहे. ३० मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दुर्मिळ आजारांचे राष्ट्रीय धोरण मंजूर केले, त्यात देशातील आठ रुग्णालये व संस्था उत्कृष्टता केंद्रे म्हणून निवडण्यात आली, आणि मुंबई महानगरपालिकेचे केईएम हे त्यांपैकी महाराष्ट्रातील केंद्र ठरले. या धोरणाने आजारांचे तीन गट केले: पहिल्यात एकदाच केलेल्या उपचाराने, उदाहरणार्थ प्रत्यारोपणाने, बरे होणारे, दुसऱ्यात दीर्घकाळ परंतु तुलनेने अल्प खर्चाचा उपचार लागणारे, आणि तिसऱ्यात उपचार उपलब्ध असूनही तो आजन्म व अतिशय महाग असलेले. आरंभी साहाय्याची तरतूद केवळ पहिल्या गटापुरती, तीही २० लाखांपर्यंत, होती. ज्या आजारांना औषधाचा खर्च सर्वाधिक होता, तेच साहाय्याबाहेर राहिले होते, आणि यावर पालकसंघटनांनी व न्यायालयांनी जो रेटा लावला, त्यानंतर मे २०२२ मध्ये ही मर्यादा ५० लाख करण्यात येऊन तिन्ही गटांना ती लागू झाली.

हे ५० लाख रुग्णाच्या हाती वा खात्यात येत नाहीत, हे नीट समजून घेतले पाहिजे. रुग्णाची नोंदणी उत्कृष्टता केंद्रात होते, तेथील तज्ज्ञांची समिती त्याचा आजार, वय, अवस्था आणि औषधाचा संभाव्य लाभ यांचा विचार करून शिफारस करते, ते केंद्र आरोग्य मंत्रालयाकडे मागणी पाठवते, आणि मंजूर रक्कम त्या केंद्राकडे येऊन औषध तेथूनच दिले जाते. खासगी रुग्णालयात आधीच सुरू केलेल्या उपचाराचे बिल मागाहून सादर करून भरपाई मिळवण्याची सोय येथे नाही. म्हणून ज्या डॉक्टरांनी निदान केले, त्यांच्याकडून केईएमच्या नावे संदर्भपत्र घेऊन, मूळ अहवाल, मुलाचा जन्मदाखला, पालकांची आधारपत्रे व शिधापत्रिका यांसह तेथील बालरोग विभागात नोंदणी करणे, ही पहिली पायरी होय. बदलापूरहून दादर आणि दादरहून परळ असा प्रवास, कडेवर मान न धरणारे मूल घेऊन, सकाळच्या गर्दीत करणे ही किती अवघड गोष्ट आहे हे या मार्गावर रोज लोंबकळणाऱ्यांस सांगावयास नको. परंतु ही नोंद लवकर झाल्यानेच पुढच्या सर्व मंजुरीचा काळ लवकर सुरू होतो.

या धोरणाचे दोन दोष मात्र उघड बोलले पाहिजेत. एक, ५० लाख ही वार्षिक मर्यादा नसून एकंदर मर्यादा आहे, आणि आजन्म उपचाराच्या रोगाला ती लावणे म्हणजे ज्या मुलाची प्रकृती औषधाने सुधारू लागली, त्याचेच औषध मध्येच बंद पडू देणे होय. केंद्र सरकारनेच सांगितलेल्या अंदाजानुसार १० किलो वजनाच्या मुलासाठी काही दुर्मिळ आजारांचा वार्षिक खर्च १० लाखांपासून एक कोटीच्याही पुढे जातो, आणि मूल जसजसे वाढते तसतशी मात्रा आणि खर्च दोन्ही वाढतात. दुसरा दोष असा, की धोरणाने ही उणीव लोकवर्गणीने भरून निघेल अशी अपेक्षा धरून सरकारी देणगी-संकेतस्थळ उभारले. परंतु ज्या देशात रुग्ण विखुरलेले आणि आजारांची नावेही अपरिचित, तेथे अनोळखी दात्यांच्या औदार्यावर आजन्म चालणारी औषधयोजना उभी राहू शकत नाही. ४ ऑक्टोबर २०२४ च्या निकालपत्रात दिल्ली उच्च न्यायालयाने दुर्मिळ आजारांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय निधी स्थापून २०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन वर्षांसाठी ९७४ कोटी रुपयांची तरतूद करण्याचे जे निर्देश दिले, त्यांच्या मुळाशी हेच वास्तव होते. याच न्यायालयाने १७ एप्रिल २०१४ रोजी, गोशे रोगाने आजारी असलेल्या एका गरीब रिक्षाचालकाच्या मुलाच्या प्रकरणात, द्रव्याभावाचे कारण सांगून सरकारला आरोग्याच्या हक्कापासून हात झटकता येणार नाहीत असा निर्णय दिला होता, आणि आजचे धोरण ज्या वाटेने आले, ती तेथूनच सुरू होते.

राज्याच्या योजनांविषयी पुष्कळांच्या मनात जो घोटाळा असतो, तो थोडा उलगडून सांगतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून सर्व शिधापत्रिकाधारकांस खुली झाली असून तिचे संरक्षण कुटुंबास वर्षाला ५ लाखांचे आहे. परंतु ती मुख्यत्वे रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या ठरीव उपचारांसाठी आहे, घरी रोज घ्यावयाच्या महागड्या औषधासाठी नव्हे. तरीही तिचा उपयोग आहे, कारण या मुलांना वारंवार न्यूमोनिया होतो, अतिदक्षता विभागात ठेवावे लागते, आणि तो खर्च जर योजनेतून भागला तर घरची शिल्लक औषधासाठी उरते. मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीतून प्रत्यारोपण, कर्करोग, हृदयविकार, अपघात, भाजणे, नवजात बालकांचे आजार अशा प्रसंगी कमाल २ लाखांपर्यंत मदत होते. वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला, रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक, आणि रुग्णालय खासगी असल्यास त्या अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांचे प्रमाणीकरण लागते. हेंद्रेपाड्याच्या रहिवाशाने यासाठी अंबरनाथच्या तहसील कचेरीकडे जायचे असते.

मुंबई-पुण्याच्या मोठमोठ्या धर्मादाय रुग्णालयांची गोष्ट याहून महत्त्वाची, आणि दुर्दैवाने याहून कमी ठाऊक असलेली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये, आणि २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार, या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात, तसेच एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. १ लाख ८० हजारांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेले कुटुंब निर्धन, आणि ३ लाख ६० हजारांपर्यंतचे दुर्बल गणले जाते. दुर्बल घटकातील रुग्णाला औषधे रुग्णालयाच्या खरेदीदराने आकारावयाची असतात, आणि छापील किंमत व खरेदीदर यांत महागड्या औषधांच्या बाबतीत केवढे अंतर असते हे ज्याने बिल बारकाईने पाहिले आहे त्यालाच ठाऊक. प्रत्येक रुग्णालयात या कामासाठी वैद्यकीय समाजसेवक नेमलेला असतो. दाखल होण्यापूर्वीच त्याला भेटावे. डिस्चार्जच्या दिवशी नव्हे.

नोकरदारांनी आपल्या मालकाकडे काय आहे हे आधी तपासावे. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत ज्यांचे मासिक वेतन २१,००० रुपयांच्या आत आहे, त्यांची कामगार राज्य विमा योजनेत नोंद असते आणि तिचा लाभ बायकामुलांसही मिळतो. रेल्वेचे कर्मचारी कल्याणच्या रेल्वे रुग्णालयातून भायखळ्याच्या मोठ्या रुग्णालयात पाठवले जातात. पंधराशे रुपयांच्या वेतनवाढीसाठी विम्याची नोंद असलेली नोकरी सोडून कंत्राटी काम पत्करण्याचा विचार ज्या घरात असा रुग्ण आहे तेथे शंभरदा करावा.

हिमोफिलियाचे उदाहरण येथे मला आवर्जून द्यावेसे वाटते. रक्त गोठवणारा घटक बाहेरून टोचून घेण्याचे हे औषध सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचे होते. रुग्णांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्याने आज महाराष्ट्रात ते सरकारी केंद्रांतून, ठाण्यातही, विनामूल्य मिळते, आणि गुडघ्यात रक्तस्राव होऊन शाळा सुटलेली मुले आता शाळेत जातात. एका औषधाच्या बाबतीत जे घडले ते दुसऱ्याच्या बाबतीत घडणार नाही असे मानण्यास कारण नाही.

पंतप्रधान राष्ट्रीय साहाय्यता निधीविषयी लिहिताना उल्हासनगरच्या शेजाऱ्याला एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. जानेवारी १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या आवाहनातून हा निधी निर्माण झाला, तो पाकिस्तानातून विस्थापित होऊन आलेल्यांच्या मदतीसाठी. आणि त्याच विस्थापितांच्या कल्याण छावणीच्या जागी १९४९ साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. आज तोच निधी हृदयशस्त्रक्रिया, मूत्रपिंडरोपण, कर्करोग अशा उपचारांसाठी अंशतः साहाय्य देतो. खासदारांच्या शिफारसपत्रासह अर्ज करण्याचा प्रघात आहे, आणि रक्कम थेट रुग्णालयास जाते. सिद्धिविनायक मंदिर न्यास, टाटा ट्रस्ट्स यांसारख्या संस्थाही वैयक्तिक अर्जावर वैद्यकीय मदत देतात. या सर्वांकडून मिळणाऱ्या रकमांनी एखादी शस्त्रक्रिया पार पडू शकते, परंतु वर्षाला कोटीचे औषध चालू शकत नाही. तेव्हा त्या कशासाठी मागायच्या हे ठरवूनच मागाव्यात.

औषधकंपन्यांच्या साहाय्य-योजनांकडे पाहण्याची आपली दृष्टी एक तर अति कृतज्ञतेची किंवा अति संशयाची असते. गोशे रोगावरील विकर-उपचार जेन्झाइम कंपनीने १९९९ पासून भारतातील काही रुग्णांस विनामूल्य पुरवला, आणि त्यामुळे काही माणसे प्रौढ वयास पोहोचली, हे सत्य आहे. अशा योजनांत जागा मोजक्या असतात आणि निवड कंपनीच्या निकषांवर होते, हेही तितकेच सत्य. अर्ज उपचार करणाऱ्या डॉक्टरांमार्फतच जातो, म्हणून केईएममधील नोंदणीच्या वेळीच त्याविषयी विचारावे. भारतात विक्रीस नसलेले औषध स्वतःच्या उपयोगासाठी आणावयाचे असल्यास औषध नियमांतील नमुना १२-अ मध्ये अर्ज करून १२-ब हा परवाना घ्यावा लागतो.

लोकवर्गणीचा मार्ग २०२१ सालच्या प्रारंभी साऱ्या महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर आला. मुंबईतील अवघ्या काही महिन्यांच्या एका मुलीला झोल्गेन्स्मा हे, स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफीवर एकदाच शिरेतून द्यावयाचे जनुकीय औषध हवे होते, ज्याची किंमत २०१९ साली अमेरिकेत २१ लाख २५ हजार डॉलर, म्हणजे सुमारे १६ कोटी रुपये, ठरवण्यात आली होती. आईवडिलांनी लोकवर्गणीतून बहुतेक सारी रक्कम उभी केली, आणि तेव्हा ध्यानात आले की आयातशुल्क व जीएसटी मिळून आणखी ६ कोटींहून अधिक रुपये द्यावे लागणार आहेत. तत्कालीन विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले, फेब्रुवारीत कर माफ झाला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस हिंदुजा रुग्णालयात तिला औषध देण्यात आले. त्याच वर्षी पुणे परिसरातील दुसऱ्या एका बालिकेसाठीही लोकांनी अशीच झोळी भरली, जूनमध्ये तिला औषध मिळाले, आणि ऑगस्टच्या आरंभी ती गेली. या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगितल्या पाहिजेत, कारण वर्गणी गोळा करणाऱ्या पालकाला औषधाच्या मर्यादाही डॉक्टरांनी स्पष्ट सांगणे हा त्याचा अधिकार आहे. केटो, मिलाप, इम्पॅक्टगुरू यांसारख्या संकेतस्थळांचा आश्रय घेताना त्यांचे शुल्क किती, आणि मुलाचे काही बरेवाईट झाल्यास उरलेल्या रकमेचे काय, हे आरंभीच लेखी घ्यावे. याहून मोठी गोष्ट अशी, की ज्या मुलाचे छायाचित्र हृदयाला भिडते आणि ज्याच्या पालकांना इंग्रजीत आवाहन लिहिता येते, त्याची झोळी लवकर भरते. आणि हेंद्रेपाड्याच्या चाळीतील मुलाने त्या स्पर्धेत उतरावे असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

त्या करमाफीचा लाभ आता प्रत्येक वेळी पंतप्रधानांना पत्र लिहून मागावा लागत नाही, हे त्या लढ्याचे खरे फळ. १ एप्रिल २०२३ पासून, राष्ट्रीय धोरणातील यादीत असलेल्या सर्व दुर्मिळ आजारांसाठी स्वतःच्या उपयोगास आणलेल्या औषधांवरील व विशेष वैद्यकीय आहारावरील मूळ सीमाशुल्क पूर्णपणे माफ झाले. त्यासाठी केंद्राच्या वा राज्याच्या आरोग्य सेवा संचालकांचा, अथवा जिल्हा शल्यचिकित्सकांचा दाखला लागतो, जो आपल्या भागातील रहिवाशाला ठाण्यातच मिळू शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छत्तीस जीवरक्षक औषधांवरील जीएसटी शून्यावर आणण्यात आला, ज्यात कर्करोगाबरोबर कित्येक दुर्मिळ आजारांवरील औषधेही आहेत. बिलावर जीएसटी लावलेला दिसल्यास दुकानदाराला ही गोष्ट निःसंकोच दाखवून द्यावी.

आणि पेटंटाचे प्रकरण. रोशने नॅटकोला रोखण्यासाठी मागितलेला अंतरिम मनाईहुकूम दिल्ली उच्च न्यायालयात २४ मार्च २०२५ रोजी एकल न्यायाधीशांनी आणि ९ ऑक्टोबर २०२५ रोजी खंडपीठाने नाकारला, आणि १७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. या लढ्यात स्वतः व्याधिग्रस्त असलेली माणसेही आपली बाजू मांडत होती. पॉम्पे, फॅब्री यांच्या रुग्णांसाठी असे स्वस्त औषध अद्याप आलेले नाही; विकर-उपचारांची औषधे जिवंत पेशींत बनवावी लागतात, त्यांची प्रतिकृती करणे अधिक कठीण असते, आणि म्हणून या रुग्णांच्या बाबतीत ५० लाखांची एकंदर मर्यादा काढून वार्षिक तरतूद करण्याची मागणी प्रत्येक लोकप्रतिनिधीकडे, प्रत्येक निवडणुकीत, झालीच पाहिजे.

आपल्या मंडळांविषयी दोन शब्द. गणेशोत्सवात वा नवरात्रात एखाद्या आजारी मुलासाठी पेटी फिरवली जाते, पाच-पन्नास हजार जमतात, आणि एवढ्याने काय होणार म्हणून देणाऱ्याचा व घेणाऱ्याचा दोघांचाही जीव खट्टू होतो. ते पैसे औषधासाठी जमा करूच नयेत. जनुकीय तपासणी, परळच्या खेपांसाठी टॅक्सी, बुडालेल्या दिवसांची मजुरी, फिजिओथेरपी, आणि सर्वांत प्रथम फ्रीज व त्याला जोडलेला इन्व्हर्टर यांवर ते खर्च करावेत. उल्हास नदीचे पाणी २०१९ आणि २०२१ साली बदलापूर पश्चिमेच्या सखल भागांत शिरले, तेव्हा वीज तासन्‌तास बंद होती; फ्रीज फार काळ बंद राहिला, तर बारा दिवस पुरणारी बाटली निकामी होऊ शकते. ज्यांचे घर तळमजल्यावर आहे त्यांच्या मुलाची बाटली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रांची फाइल पावसाळ्यापुरती वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या फ्रीजमध्ये व कपाटात ठेवण्याची बोलणी मे महिन्यातच करून ठेवावी.